योग झाला, क्षेमाचें काय?

संस्कृतांत 'योगक्षेम' असा एक जोडशब्द आहे. जें नाहीं तें मिळविणें हा योग, आणि मिळालेलें सांभाळणें हा क्षेम. आमच्या कुटुंबांत हल्लीं योगाची घाई फार व क्षेमाची आठवण थोडी, असें दिसूं लागलें आहे. याचें ठळक उदाहरण म्हणजे निजण्याच्या खोलींतील ए. सी. चैत्रांत तो हौसेनें विकत घ्यावयाचा, वैशाखभर चालवावयाचा, आणि पुढल्या वर्षीं गारवा कमी भासूं लागला कीं कारागिरास बोलावून "गॅस भरून द्या" म्हणावयाचें, हा क्रम घरोघर रूढ झाला आहे. त्यांत पैसा तर जातोच. पण यंत्राचें दुखणें तसेंच राहतें. म्हणून या महिन्यांत त्याच्या क्षेमाविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम हें यंत्र करतें काय, तें पाहूं. 'वातानुकूलन' या शब्दांत थंडीचें नांव कोठेंही नाहीं. वायु अनुकूल करणें, एवढाच त्याचा अर्थ. शब्द योग्यच आहे. अमेरिकेंत विलिस कॅरिअर या इंजिनियरानें १९०२ सालीं अशा यंत्राची योजना आंखली, ती ब्रुकलिन येथील एका छापखान्यासाठीं. हवेंतील दमटपणानें तेथील कागद फुगे व आखडे, आणि रंगावर रंग नीट बसत नसे. ती अडचण दूर करणें हा मूळ हेतु होता.

घरांतील ए. सी. थंडी निर्माण करीत नाहीं. खोलींतील उष्णता व ओल उचलून बाहेर नेऊन टाकतो. भिंतीवरील भागांत धातूच्या नळ्यांचें वेटोळें असतें. त्यांतून वाहणारा द्रव खोलींतील उष्णता घेऊन वायुरूप होतो. बाहेरील भागांतला काँप्रेसर त्या वायूस दाबतो, आणि तेथें तो आपली उष्णता सोडून पुनः द्रव होतो. हें चक्र बंद नळ्यांतून अखंड चालतें. यावरून ध्यानांत येईल कीं, गॅस म्हणजे समईंतील तेल नव्हे. तो चालतां चालतां जळून सरत नाहीं. तो कमी झाला असेल, तर कोठून तरी गळाला आहे; आणि छिद्र तसेंच ठेवून वरून गॅस भरणें म्हणजे फुटक्या घागरींत पाणी ओतणें होय.

मग गारवा कमी कां होतो? पुष्कळदां धुळीमुळें. आंतल्या भागाच्या झाकणामागें बारीक जाळी असते; तिलाच फिल्टर म्हणतात. ती धुळीनें भरली म्हणजे वेटोळ्यावरून वारा पुरेसा जात नाहीं. वेटोळें फार थंड होऊन त्यावर बर्फ सांचतो, आणि वारा आणखीच अडतो. गॅस गळाल्यानेंही असाच बर्फ सांचतो. लक्षण एक, रोग दोन. तेव्हां ज्याचा उपाय फुकट आहे तो रोग आधीं तपासावा.

जाळी धुण्याचें काम घरच्या घरीं होतें. मुख्य बटण बंद करावें, झाकण उचलून जाळी काढावी, साध्या पाण्यानें धुवावी आणि सावलींत पूर्ण वाळवून परत बसवावी. कडक उन्हांत प्लॅस्टिक वाकडें होतें. ए. सी. रोज चालत असेल, तर हें दर पंधरवड्यास व्हावें. ज्यांच्या घरीं पंचांग आहे, त्यांनीं पौर्णिमा व अमावास्या हे दोन दिवस धरावे; पुण्यासाठीं नव्हे, स्मरणासाठीं. एकत्र कुटुंबांत जें सर्वांचें काम तें कोणाचेंच होत नाहीं, म्हणून वडील माणसानें तें नांव घेऊन एकाकडे सोंपवावें. शाळेंत जाणाऱ्या थोरल्या मुलामुलींस तें सहज जमतें.

दुसरी गोष्ट पाणी जाण्याच्या नळीची. हवेंतील ओल वेटोळ्यावर जमून नळीवाटें बाहेर पडते. नळींत शेवाळ किंवा गाळ सांचला, कीं तेंच पाणी भिंतीवरून खोलींत उतरतें. तिसरी गोष्ट बाहेरील भागाची. त्यास मोकळी हवा पाहिजे. तो बंद गॅलरींत कोंडला, त्यापुढें कपडे वाळत घातले किंवा पारव्यांनीं तेथें घरटें केलें, तर त्यानें टाकलेली ऊन हवा फिरून त्याच्याकडेच येते व विजेचें बिल वाढतें. मुंबई, कोंकण व गोवें येथें खारी हवा त्याच्या पत्र्या व नळ्या खाते. तेथें तो अधिक वेळां धुववून घेणें बरें.

आतां कारागिराविषयीं. "गॅस संपला" असें तो म्हणाला, तर शांतपणें विचारावें, "गळती कोठें आहे?" नळ्यांत नायट्रोजन दाबून साबणाच्या फेसानें गळती शोधणें, ती बुजविणें, पंपानें आंतील हवा व ओल काढून टाकणें, आणि मग यंत्रावरील पट्टीवर छापलेल्या वजनाइतका गॅस तराजूवर मोजून भरणें, ही योग्य रीत. हिला वेळ लागतो व पैसाही अधिक पडतो. पण दरवर्षींचा भुर्दंड वांचतो. पुष्कळ नव्या यंत्रांतील आर-३२ हा गॅस पेट घेऊं शकतो, आणि आर-२९० म्हणजे तर प्रोपेनच. दुरुस्ती चालू असतां खोलींत समई, उदबत्ती वा शेगडी नसावी व खिडक्या उघड्या असाव्या. गळलेला गॅस सर्व जगासही बाधतो. जुना आर-२२ ओझोनचा थर विरळ करतो, म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारान्वयें तो टप्प्याटप्प्यानें काढून टाकला जात आहे. आर-३२ ओझोनास अपाय करीत नाहीं. परंतु शंभर वर्षांच्या हिशेबानें, वजनास वजन धरलें, तर तो कर्बवायूच्या सुमारें ६७५ पट उष्णता कोंडतो.

शेवटची गोष्ट आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. बाहेरील भाग बहुधा तिसऱ्या-चौथ्या मजल्याच्या भिंतीस टांगलेला असतो, आणि त्यापर्यंत पोंचावयास एखादा विशी-पंचविशींतला मुलगा कमरेस दोर न बांधतां अरुंद छज्ज्यावर उतरतो. आपण आंतून "लवकर आटपा" म्हणतों. वाचकहो, तोही कोणाच्या तरी घरचा कर्ता मुलगा आहे. कमरेस पट्टा व दोर बांधल्याशिवाय त्यास खिडकीबाहेर पाऊल टाकूं देऊं नये. त्यापायीं दोन दिवस उकाड्यांत काढावे लागले तरी काढावे. आणि नवीन यंत्र घेतांना तें हात पोंचेल अशाच जागीं बसवावें, म्हणजे पुढें कोणासच जीव मुठींत धरून तेथवर जावें लागणार नाहीं.