परसातली खोप

परवा खोपीच्या दुरुस्तीचा अंदाज काढायला बसलो. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात तिचे चार पत्रे उडाले होते, ते तेव्हा घाईघाईने ठोकून घेतले. आता गळते. धाकटा भाऊ फोनवर म्हणाला, "दादा, आत आहे काय? सरपण, नारळ नि मोडकी सायकल. पाडून टाक." पावसात चुलीला कोरडं लाकूड कुठून आणायचं, ते काही बोलला नाही. (पुण्यात बसून हे सुचायचं नाही!)

माझं म्हणणं, अंदाज खालून वर काढावा. सगळे आधी पत्र्याचा भाव विचारतात. मीही विचारला. मग खांब जमिनीत जातो तिथे टोचून पाहिलं, तर दोन खांबांत स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला. वाळवी! नवे पत्रे या खांबांवर घातले असते, तर पुढच्या वादळात तेही गेले असते. आणि गळतीचा दोष पत्र्यांचा नव्हेच. घाईत खिळे पन्हळीत मारले, ते उंचवट्यावर मारायला हवे होते.

तेव्हा दोन खांब, त्यांच्या बुडाला दगड, रबरी वायसरचे हूक, जुन्या भोकांना डांबर, मजुरी, मिळून अकरा हजार. वर दोन हजार अडीअडचणीला. नुसतं पाडायलाच मजूर सहा मागत होता. पैसे मोतीबिंदूसाठी ठेवलेल्यातून काढलेत, डावा डोळा आता दिवाळीनंतर.

भावंडांनो, वर्गणी मागत नाही. मेअखेर कोणी आलात, तर पत्रे धरायला एक माणूस कमी आहे.