नवा गीझर आणि टपकणारा शॉवर

थंडीची चाहूल लागली की चिंचवड-निगडीपासून चाकणपर्यंतच्या हार्डवेअरच्या दुकानांत गीझरचा खप वाढतो. पुढच्या पंधरवड्यात त्याच दुकानांत एक ठरावीक तक्रार येऊ लागते. गीझर उत्तम चालतो, पाणी लवकर तापते. मात्र इतकी वर्षे निमूट असलेला शॉवर आता टपकू लागला आहे. दुकानदार शॉवरची नवी जाळी दाखवतो, प्लंबर पान्याने नळ आवळून जातो आणि दोन दिवसांत टपटप पुन्हा सुरू होते. मग घरात दोष कोणाचा यावर चर्चा रंगते. बहुतेक वेळा तो गीझरचाही नसतो आणि शॉवरच्या जाळीचाही नसतो.

वाडवडिलांच्या काळी हा प्रश्न उद्भवत नसे. पुण्याच्या तांबट आळीत घडलेला तांब्याचा बंब उघड्या तोंडाचा असे. एका बाजूने गार पाणी ओतावे आणि दुसऱ्या बाजूच्या तोटीतून तेवढेच कढत पाणी घ्यावे, इतका त्याचा सरळ व्यवहार होता. पाणी तापले की फुगते. बंबात फुगलेल्या पाण्याला बाहेरची वाट मोकळीच होती, त्यामुळे ते कोणाच्या ध्यानातही येत नसे.

आजचा साठवणुकीचा गीझर ही बंद टाकी आहे. पंधरा लिटर पाणी 25 अंशांवरून 60 अंशांवर गेले की त्याचे आकारमान सुमारे 200 मिलिलिटरने, म्हणजे एका पेल्याने वाढते. जुन्या बसवणीत हे वाढलेले पाणी गार पाण्याच्या नळातून मागे सरकून गच्चीवरच्या टाकीकडे जाई. नव्या गीझरसोबत मिळणाऱ्या सेफ्टी व्हॉल्व्हमध्ये बहुधा नॉन-रिटर्न व्हॉल्व्हही असतो आणि तो पाण्याला मागे फिरू देत नाही. पाणी दाबून लहान होत नाही, म्हणून आतला दाब झपाट्याने चढतो. बाजारातील बऱ्याच गीझरवर 8 बार असा आकडा छापलेला आढळतो. सेफ्टी व्हॉल्व्ह उघडण्यास तितका दाब लागतो. चौथ्या मजल्यावरच्या गच्चीतील टाकी तळमजल्याच्या नळाला जेमतेम एक-दीड बार दाब देते. एवढ्याशा दाबाची सवय असलेला, झिजलेला जुना वॉशर सेफ्टी व्हॉल्व्हच्या कितीतरी आधी हार मानतो. पाणी सर्वांत कमकुवत दाराने बाहेर पडते आणि ते दार बहुधा शॉवरच्या नळाचे असते.

दुसरे कारण याहून साधे, आणि पिंपरी-चिंचवडकरांच्या विशेष परिचयाचे आहे. नोव्हेंबर 2019 पासून शहराला दिवसाआड पाणी मिळू लागले. टाकी तळाला जाऊन पुन्हा भरते तेव्हा तळाचा गाळ ढवळून नळांत उतरतो. त्यात गीझर बसवताना नळ कापले गेले, जुन्या क्षाराचे पापुद्रे सुटले, टेफ्लॉन टेपचा एखादा धागा आत राहिला, की हे सारे मिक्सरच्या वॉशरखाली जाऊन बसते. वाळूचा एक कण नळाला पूर्ण मिटू देत नाही. अशा वेळी जोर लावून नळ आवळला तर तो कण रबरात रुततो आणि साफ करून भागले असते तिथे नवा वॉशर घ्यावा लागतो. चाकण, मोशी परिसरातील ज्या सोसायट्या बोअरच्या किंवा टँकरच्या जड पाण्यावर चालतात, तिथे क्षारांची भर वेगळी. पाणी तापले की क्षार अधिक वेगाने बसतात, म्हणून गरम पाण्याच्या बाजूचा नळ नेहमी आधी बिघडतो.

या दोन कारणांतील भेद ओळखण्यासाठी कारागीर बोलावण्याची गरज नाही. रात्री शॉवरखाली भांडे ठेवावे, गीझर एकदा पूर्ण तापवून बंद करावा आणि सकाळी पाणी मोजावे. पेलाभर पाणी साचून टपकणे आपोआप थांबले असेल तर ते फुगलेले पाणी होय. रात्रभर संततधार चालून भांडे भरले असेल तर वॉशर, स्पिंडल किंवा कार्ट्रिजमध्ये दोष आहे. तसे असल्यास गीझरच्या गार पाण्याचा अँगल कॉक बंद करून पाहावे. टपकणे थांबले तर बिघाड गरम बाजूचा, न थांबले तर गार बाजूचा. थेंबाला हात लावून निदान करण्याची पद्धत सर्रास दिसते, पण ती फसवी आहे. गीझर आणि शॉवर यांच्यामधल्या नळात निवलेले पाणी असते, आणि गरम बाजूच्या गळतीतही तेच आधी बाहेर येते. स्नान आटोपल्यावर पाच-दहा मिनिटे पडणारे थेंब मात्र कोणत्याच हिशेबात धरू नयेत. जाळीत अडकलेले पाणी निथळत असते इतकेच.

हिशेबाचा विषय निघालाच आहे तर तोही मांडावा. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला 86,400 थेंब. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर रोज चार लिटरहून अधिक आणि वर्षाला दीड हजार लिटरच्या वर पाणी जाते. ते तापवलेले असेल तर विजेची साठ-एक युनिटेही त्यासोबत मोरीत जातात. पाणी तुपासारखे वापरावे ही ज्या घरांची जुनी शिकवण आहे, तिथे हा आकडा अधिक समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

निदान झाले की उपाय किरकोळ आहेत. मुख्य चूक घडते ती भलत्या उपायात. वॉशर नवा बसला की फुगलेले पाणी शॉवरकडून हटते आणि सेफ्टी व्हॉल्व्हच्या बारीक तोंडातून थेंबथेंब पडू लागते. घरच्यांना वाटते, एक गळती मिटवून प्लंबरने दुसरी लावून दिली. मग कोणी त्या तोंडात बूच मारतो, कोणी एम-सीलने ते लिंपून टाकतो. असे करणे म्हणजे घरातील माणसांच्या जिवाशी खेळणे आहे. थर्मोस्टॅट अडकला, विजेचा प्रवाह आपोआप तोडणारी कळही निकामी झाली आणि दाबाला बाहेर जाण्याची एकमेव वाट बंद असली, तर टाकी फुटू शकते. त्या तोंडातून पडणारे चार थेंब हे व्हॉल्व्ह काम करत असल्याचे लक्षण आहे. त्याला लहानशी नळी जोडून ती मोरीच्या जाळीपर्यंत उताराने सोडावी, म्हणजे भिंत ओली होत नाही. नळीचे टोक मात्र उघडेच हवे.

भोसरी-चाकणच्या कारखान्यांना माल पुरवणाऱ्या व्यापाऱ्यांना याचे महत्त्व ठाऊक असते. वाफेच्या बॉयलरवर 1923 च्या कायद्यापासून सरकारी निरीक्षकाची नजर आहे. त्याच्या सेफ्टी व्हॉल्व्हला हात लावण्याचे धाडस कारखान्यात कोणी करीत नाही. पाणी 100 अंशांच्या खालीच तापवणारी उपकरणे बॉयलरच्या कायदेशीर व्याख्येत बसत नाहीत, त्यामुळे घरातील स्नानगृहात निरीक्षक येत नाही. तिथली जबाबदारी घरच्या कर्त्या मंडळींनाच पार पाडावी लागते.

याच्या उलट दुसरा भलता उपाय असा, की नॉन-रिटर्न व्हॉल्व्हच काढून टाकायचा. टपकणे लगेच थांबते, म्हणून हा सल्ला देणारे कारागीर पुष्कळ भेटतात. परंतु दिवसाआड पाण्याच्या शहरात गच्चीवरची टाकी रिकामी झाली, की तो व्हॉल्व्ह नसलेल्या गीझरमधले पाणी मागे ओढले जाऊन तोही रिकामा होऊ शकतो, आणि पहाटे कोणी सवयीने बटण दाबले तर कोरडी कॉइल जळते. शिवाय नॉन-रिटर्न आणि सेफ्टी हे दोन्ही बहुधा एकाच तुकड्यात असल्याने एक काढताना दुसराही जातो. सोसायटीत प्रेशर पंप असेल आणि टपकणे वारंवार होत असेल, तर गार पाण्याच्या नळावर, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आणि गीझर यांच्यामध्ये, छोटी एक्सपान्शन टाकी बसवून घेणे हाच नेटका मार्ग. सोलरच्या बसवणीत गच्चीवर उघड्या तोंडाची हवेची नळी दिसते, तीही याच कामासाठी असते. ती कोणी कापू वा बुजवू नये.

गाळाचा उपाय घरच्या घरी होतो. गीझरचे बटण बंद ठेवून शॉवरची जाळी काढावी, आधी गार बाजूने आणि मग गरम बाजूने पाणी मोकळे वाहू द्यावे; ते बादलीत धरले तर फरशी धुण्यास उपयोगी पडते. त्यानंतर अँगल कॉक व स्नानगृहाचा मुख्य कॉक बंद करून स्पिंडल उघडावा, वॉशर पुसून पाहावा आणि खाच पडली असेल तर बदलावा. जाळीवरचे क्षार लिंबूसत्वाच्या पाण्यात तासभर बुडवल्याने सुटतात. जाळी काढून बादलीतच बुडवावी, जागेवर पिशवी बांधून नव्हे. ते आंबट पाणी संगमरवरावर ठिबकले तर त्याची झिलई कायमची जाते, आणि हौसेने मकराण्याचा दगड बसवलेली स्नानगृहे या पट्ट्यात थोडी नाहीत. हे सारे काम पाणी येण्याच्या दिवशी हाती घ्यावे, म्हणजे नळ धुण्यासाठी टाकीच्या तळाचे गढूळ पाणी वापरण्याची वेळ येत नाही.