प्रोसेसिंग चालू आहे... पण कधीपर्यंत?

मित्रांनो, माझं शालेय शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाची काळजी संपादक मंडळाने घ्यावी! विषय मात्र मराठीतच मांडावासा वाटला, कारण तो आपल्या हॉस्टेलचा आणि आपल्या भंडारा जिल्ह्याचा आहे.

आपल्या कॉलेजची स्वतःची व्हिडिओ वेबसाईट असावी, ती कॉलेजच्याच सर्व्हरवर असावी आणि आपण विद्यार्थ्यांनी ती चालवावी, असं माझं स्पष्ट मत आहे. तशी ती आहेही! लॅबमधल्या एका जुन्या पीसीवर सिनियर्सनी ती बसवून ठेवली होती. गॅदरिंगचे डान्स, टेक्निकल फेस्ट, सरांची काही लेक्चर्स असं बरंच काही त्यावर होतं. मग ती बॅच पास आऊट झाली आणि साईट पोरकी झाली. नवीन व्हिडिओ टाकला की फक्त "प्रोसेसिंग चालू आहे" एवढंच दिसायचं. आज टाका, पुढच्या महिन्यात बघा, प्रोसेसिंग चालूच! हॉस्टेलच्या भाषेत सांगायचं तर, "अबे, व्हिडिओ चालूनच नाही राह्यला." कोणी म्हणालं व्हायरस आहे, कोणी म्हणालं नवीन सर्व्हर घ्या. शेवटी सगळ्यांनी यूट्यूबचा रस्ता धरला.

आता तुम्ही म्हणाल, यूट्यूब असताना ही उठाठेव कशाला? प्रश्न बरोबर आहे. यूट्यूब २००५ मध्ये सुरू झालं, पुढच्याच वर्षी गूगलने ते विकत घेतलं, आणि जगभर व्हिडिओ दाखवायला त्याच्यासारखी सोय नाही. मीसुद्धा एम-थ्रीचे अर्धे पेपर त्याच्याच जोरावर काढले! पण दाखवणं वेगळं आणि जपून ठेवणं वेगळं. गूगलचीच 'गूगल व्हिडिओ' नावाची दुसरी साईट होती. २००९ मध्ये तिच्यावर नवीन व्हिडिओ घेणं बंद झालं आणि २०११ मध्ये, आता साईट बंद होणार, तुमचे व्हिडिओ उतरवून घ्या, असं लोकांना सांगण्यात आलं. ओरड झाली म्हणून ते व्हिडिओ पुढे यूट्यूबवर हलवले गेले. २९ जून २०२० ला आपल्या सरकारने टिकटॉकसह ५९ ॲप्सवर बंदी घातली. त्यामागची कारणं हा वेगळा विषय आहे. पण खेड्यापाड्यातल्या ज्या कलाकारांचे व्हिडिओ फक्त तिथेच होते, त्यांचा रंगमंच एका रात्रीत गेला. त्याच वर्षी ३१ डिसेंबरला ॲडोबीने फ्लॅश प्लेयरला रामराम ठोकला, आणि फक्त फ्लॅशवर चालणाऱ्या साईट्स मुक्या झाल्या. तेव्हा यूट्यूबवर जरूर टाका, पण मूळ प्रत आपल्या घरात असू द्या.

आणि आपल्या भागात जपण्यासारखं काय आहे, हे मी वेगळं सांगायला नको. दिवाळी झाली, धान घरात आलं की भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या झाडीपट्टीत मंडई आणि नाटकांचा हंगाम सुरू होतो. रात्री उशिरा पडदा उघडतो आणि नाटक संपेपर्यंत तांबडं फुटतं. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीचा आणि इथल्या लोकरंगभूमीचा अनेक वर्षं अभ्यास करून लिहून ठेवलं. गडचिरोली जिल्ह्यातले झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा बाकीच्या महाराष्ट्राला आपण जरा दिसलो. पण गावातल्या दंडारीचं, मंडईचं, नाटकाचं जे रेकॉर्डिंग घरोघरी झालं आहे, ते कुठे आहे? कोणाच्या जुन्या मेमरी कार्डात, कोणाच्या कपाटातल्या व्हीसीडीवर. पुस्तकातून संवाद वाचता येतील, आवाजाचा हेल कुठून आणणार?

इथे आपल्या इंजिनिअरिंगची गरज लागते. व्हिडिओ साईट म्हणजे तीन कामं: फाईल घेणे, तिचं रूपांतर करणे आणि ती दाखवणे. गाडी अडते ती मधल्या कामात. कोणाची फाईल नव्या मोबाईलची एचईव्हीसी, कोणाची व्हीसीडीवरची डॅट, कोणाची जुन्या फोनची थ्रीजीपी. या सगळ्या कुठल्याही ब्राउझरला चालतील अशा एका साच्यात आणायच्या, म्हणजे साधारणपणे चित्र एच.२६४, आवाज एएसी आणि दोन्ही ठेवायला एमपी४ हा डबा. हे काम करणारं सॉफ्टवेअर म्हणजे एफएफएमपेग. फ्रान्सच्या फॅब्रिस बेलार्ड यांनी ते २००० मध्ये सुरू केलं. फुकट आहे आणि सोर्स कोड सगळ्यांना उघडा आहे.

मागच्या सेमिस्टरला आम्ही चौघीजणी त्या बंद साईटची लॉग फाईल उघडून बसलो. शेवटच्या ओळीत स्वच्छ लिहिलं होतं, अननोन एन्कोडर! साईटच्या जुन्या स्क्रिप्टमध्ये आवाजासाठी 'लिबफॅक' नावाचा एन्कोडर मागितलेला होता. एफएफएमपेगचा स्वतःचा एएसी एन्कोडर चांगला तयार झाल्यावर २०१६ मध्ये त्यांनी लिबफॅकची सोयच काढून टाकली. लॅबच्या मशीनवर नवीन एफएफएमपेग आलं, स्क्रिप्ट मात्र जुनीच राहिली. 'लिबफॅक'च्या जागी 'एएसी' लिहिलं आणि रांगेत अडकलेले व्हिडिओ एकामागून एक बाहेर पडू लागले. ना व्हायरस, ना नवीन सर्व्हर. एक शब्द!

डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म आपण सगळेच परीक्षेत आठ मार्कांना लिहितो. पण व्हिडिओ अडकला तर लॉग वाचावा, हे कुठल्या युनिटमध्ये येतं? पुढच्या बॅचच्या उपयोगासाठी आम्ही वहीत लिहून ठेवलेल्या काही गोष्टी इथेही देते.

एक, मोठी फाईल अपलोडच होत नसेल तर आधी पीएचपीची सेटिंग बघा. मुळात ती एका फाईलला फक्त २ एमबी आणि पूर्ण फॉर्मला ८ एमबी एवढीच परवानगी देते. दोन, रूपांतर वेब पेजच्या आतच चालवू नका. पीएचपीची स्क्रिप्ट मुळात ३० सेकंदांची मुदत घेऊन येते. व्हिडिओ रांगेत लावा आणि ती रांग क्रॉनने मागे चालू द्या. तीन, "मूव्ह ॲटम नॉट फाउंड" असं आलं तर फाईलची अनुक्रमणिकाच लिहिली गेलेली नाही. रेकॉर्डिंग चालू असताना बॅटरी संपली की असं होतं. अशी फाईल लगेच डिलीट करू नका. त्याच कॅमेऱ्याची एखादी चांगली फाईल हाताशी असेल तर 'अनट्रंक' नावाच्या प्रोग्रामने पुष्कळदा ती वाचते.

रात्रभराच्या नाटकाचे तर खास आजार आहेत. फॅट-३२ मध्ये एक फाईल ४ जीबीच्या पुढे जाऊ शकत नाही, म्हणून कॅमेरा नाटकाचे तुकडे करतो; ते क्रमाने जोडावे लागतात. मोबाईलचा फ्रेम रेट कमी-जास्त होत राहतो. रूपांतर करताना तो नीट सांभाळला नाही तर पहाटेपर्यंत नटाचे ओठ पुढे आणि आवाज मागे! अंधारातल्या चित्रात दाणे फार येतात, आणि एन्कोडर बिचारा त्या दाण्यांनाही चित्र समजून जागा देतो. म्हणून दिवसाच्या क्रिकेट मॅचपेक्षा रात्रीची दंडार कधी कधी जास्त एमबी खाते.

खर्चाचं गणितही करून बघू. १ एमबीपीएसने केलेला एक तासाचा व्हिडिओ ४५० एमबी होतो. पाच तासांचं नाटक सव्वादोन जीबी. म्हणजे २ टीबीच्या एका हार्ड डिस्कवर असे चार हजारांवर तास बसतात. मूळ फाईली अर्थातच कितीतरी जास्त जागा घेतील, त्यांच्यासाठी वेगळी डिस्क हवी. १०० एमबीपीएसच्या साध्या लॅनवर ऐंशीएक जण एकाच वेळी व्हिडिओ बघू शकतात, आणि तेही बाहेरचं इंटरनेट बंद असताना! एका गॅदरिंगच्या साऊंड सिस्टिमपुढे हा खर्च काहीच नाही.

असं काम आपल्या महाराष्ट्रात झालेलं आहे. मुंबईच्या कॅम्प, मजलिस आणि पॉइंट ऑफ व्ह्यू या संस्थांनी बंगळूरचा अल्टरनेटिव्ह लॉ फोरम आणि बर्लिनच्या एका गटासोबत २००८ मध्ये 'पॅड डॉट एमए' हा व्हिडिओ संग्रह सुरू केला. तयार सिनेमांपेक्षा न कापलेलं मूळ चित्रीकरण तिथे जास्त आहे, आणि कोणत्या मिनिटाला काय चाललंय, कोण काय बोलतंय, हे व्हिडिओच्या बाजूला लिहिलेलं असतं. आपल्याला नेमकं हेच हवं. झाडीबोलीतला संवाद आणि त्याखाली अर्थ लिहिला, तर ज्याला ही बोली येत नाही त्यालाही कळेल.

मुलींच्या हॉस्टेलच्या वतीने एक मुद्दा मात्र ठामपणे मांडते. जिचा डान्स आहे तिला विचारल्याशिवाय व्हिडिओ साईटवर जाऊ नये, आणि तिने काढा म्हटलं की त्याच दिवशी तो निघावा. बाहेरच्या साईटवर तक्रार केली तर ती कोणाकडे जाते देव जाणे. इथे निदान समोरच्या ब्लॉकमध्ये जाऊन दार तरी वाजवता येतं! नाटक कंपन्यांचंही तसंच. त्यांचं पोट तिकिटावर चालतं. चालू हंगामाचं नाटक त्यांच्या परवानगीशिवाय दाखवणं म्हणजे त्यांच्या ताटातला घास काढणं.

प्राचार्य सर आणि विभागप्रमुख सरांना माझी विनंती एवढीच. साईटसाठी एक बरी मशीन आणि यूपीएस द्या. दरवर्षी सेकंड इयरचे दोन आणि थर्ड इयरचे दोन विद्यार्थी नेमा, म्हणजे एक बॅच गेली तरी दुसरी शिकलेली असेल. या कामाला मिनी प्रोजेक्ट म्हणून मान्यता द्या. आणि बिघाडांची वही लॅबमध्येच राहू द्या, ती कोणीही घरी नेऊ नये!

बाकीच्यांना सांगणं असं, की घरी कपाटात मंडईची, दंडारीची जुनी व्हीसीडी किंवा मेमरी कार्ड पडलेलं असेल तर सुट्टीवरून येताना घेऊन या. शनिवारी दुपारी आम्ही लॅबमध्ये असतो. कॉपी करून तुमची वस्तू तुम्हाला त्याच दिवशी परत. बघा, पटतंय का!

(तृतीय वर्ष, संगणक अभियांत्रिकी)