हिवतापाची पोथी

आपल्या हैदराबाद नगरीचा हिवतापाशी असलेला संबंध केवळ रोग्यांपुरता नाही. सिकंदराबादेजवळ बेगमपेठ येथे २० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठरभित्तीत या रोगाचा परजीवी दिसला. १९०२ साली त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले. शत्रूचे वाहन कोणते हे अशा रीतीने कळले. परंतु शत्रूविरुद्ध लस मिळावयास त्यानंतर सुमारे सव्वाशे वर्षे लागली. असे का व्हावे, याचा विचार आमच्या वाचकांनी अवश्य करावा.

हा शत्रू बहुरूपी आहे, हे त्याचे उत्तर होय. डासाच्या दंशाबरोबर तो एका रूपात शरीरात शिरतो, यकृतात दुसरे रूप घेतो आणि रक्तात तिसरे. प्रत्येक सोंगास निराळा पेहराव! शरीराची संरक्षक शक्ती शत्रूस ओळखते ती बहुधा पेहरावावरूनच, आणि हा पेहराव म्हणजे परजीवीच्या पृष्ठभागावरील प्रथिने.

२००२ साली या परजीवीच्या सर्वांत घातक जातीचा जनुकसंच, म्हणजेच जीनोम, प्रसिद्ध झाला. १४ गुणसूत्रे, सुमारे २ कोटी ३० लक्ष अक्षरे व पाच हजारांवर जनुके अशी ही पोथी आहे. तथापि पोथीत सर्वच सोंगांची सामग्री लिहिलेली असते. या क्षणी कोणते सोंग उभे आहे, हे तीवरून समजत नाही. त्यासाठी त्या त्या अवस्थेत प्रत्यक्ष कोणती प्रथिने आढळतात ते पाहावे लागते. या प्रथिनसंचास प्रोटिओम म्हणतात. त्याच वर्षी परजीवीच्या चार अवस्थांतील सुमारे २,४०० प्रथिनांची नोंद प्रसिद्ध झाली. लसीसाठी लक्ष्य निवडावयाचे तर ही दोन्ही ज्ञाने हाताशी हवीत.

यावर कोणी आक्षेप घेतील की, जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ व २०२३ साली शिफारस केलेल्या हिवतापाच्या दोन्ही लसी ज्या प्रथिनावर आधारलेल्या आहेत, त्याचे जनुक १९८४ सालीच वाचले गेले होते. मग एवढा खटाटोप कशाला? शिवाय आपल्याच शहरात बनलेली कोव्हॅक्सिन ही लस समग्र विषाणू निष्क्रिय करण्याच्या जुन्या मार्गानेच तयार झाली. हे दोन्ही मुद्दे खरे आहेत. परंतु हिवतापाच्या या लसी केवळ पहिल्या सोंगास अडवितात. त्यांचे संरक्षण अपुरे असून काळाबरोबर क्षीण होते. पहाऱ्यातून थोडे परजीवी जरी निसटले, तरी रक्तात त्यांस मोकळे रान मिळते. तेथे त्यांस गाठावयाचे तर नवे लक्ष्य हवे. तांबड्या पेशीत शिरण्यास परजीवीला अत्यावश्यक असलेले आर-एच-५ हे प्रथिन असे एक लक्ष्य आहे. निरनिराळ्या प्रदेशांतील परजीवींचे जनुकसंच ताडून पाहता या प्रथिनात भेद थोडेच आढळतात. म्हणून त्यावरील लस अनेक ठिकाणी उपयोगी पडेल अशी आशा वाटते. तिच्या मानवी चाचण्या सुरू झाल्या आहेत. अशी तुलना पोथी वाचल्यावाचून झाली असती काय?

निवडलेले प्रथिन मुबलक निर्माण करण्याची विद्या आपल्याकडे नवी नाही. हैदराबादेतील शांता बायोटेक्निक्सने १९९७ साली काविळीच्या ‘ब’ विषाणूचे एकच प्रथिन यीस्टकडून बनवून घेऊन लस बाजारात आणली. हिवतापाच्या वरील दोन्ही लसींत त्याच जातीच्या प्रथिनाला परजीवीच्या प्रथिनाचा तुकडा जोडलेला आहे, आणि त्यांतील दुसरी लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होते.

कारखाने आहेत, कुशल हात आहेत. म्हणूनच आमचे स्पष्ट मत असे की, कारखान्यांचे कौतुक करताना प्रयोगशाळेतील या संथ वाचनास समाजाने व शासनाने अनाठायी खर्च समजू नये. २०२३ साली हिवतापाने जगात सुमारे सहा लक्ष माणसे दगावली. त्यांत बहुसंख्य आफ्रिकेतील पाच वर्षांखालील बालके होती. विद्यार्थिमित्रांनो, ही पोथी वाचण्यास जीवशास्त्राबरोबर गणितही लागते, आणि सर्वांहून अधिक लागते ती चिकाटी. पाने सर्वांसाठी उघडी आहेत; वाचणारे थोडे आहेत. त्यांत आपली भर पडावी, एवढीच आमची इच्छा.