भूतकाळ सांगता आला पाहिजे

आपल्या मुलांना इंग्रजी यावे, याविषयी समाजात आता दुमत राहिलेले नाही. राज्य शासनाने 2000 साली पहिलीपासून इंग्रजी सुरू केले, त्यालाही पाव शतक होत आले. तरीही कळंब, भूम, परंडा अशा कोणत्याही तालुक्यातील दहावीच्या वर्गात जाऊन ‘काल दिवसभर काय केलेस, ते पाच वाक्यांत इंग्रजीत सांग’ असे विचारावे. गो-वेंट-गॉनचा तक्ता एका दमात म्हणणारी अनेक मुले तिथे गप्प होतात. पाठांतर आहे, भाषा नाही. याचे कारण मुलांच्या बुद्धीत नसून आपल्या शिकवण्याच्या क्रमात आहे, असे माझे मत आहे.

आपण नियमाआधी अपवाद शिकवतो. इंग्रजीत अनियमित क्रियापदे दोनशेच्या आसपास आहेत; नियमित क्रियापदे हजारो आहेत आणि रोज नवी भर पडते ती नियमितांचीच. क्लिक, डाउनलोड ही कालपरवाची क्रियापदे. त्यांनाही भूतकाळात ‘ई-डी’ हाच प्रत्यय लागतो. गो, कम, ईट ही नित्याची क्रियापदे अनियमित आहेत, ती टाळता येणार नाहीत, हे खरेच. पण ज्याच्या घरी इंग्रजी बोलले जाते, त्याच्या कानावर अपवाद आपोआप पडतात. पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याला ती मिरास नाही. त्याच्या हाती येऊ शकतो तो नियम, आणि नियम समजला की तो कोणाच्या तक्त्यावर अवलंबून राहत नाही. असा मुलगा एखाद्या दिवशी ‘गो’ला ‘ई-डी’ लावील. त्याला हसू नये. इंग्रजांची लहान मुलेही तेच करतात. नियम उमगल्याची ती खूण आहे. दुरुस्ती नंतर करता येते.

मराठी मुलाचे अडखळणे कोठून येते, हेही शिक्षकाने ओळखले पाहिजे. मराठीत मुलगा खेळला, मुलगी खेळली. भिंत रंगवली, दरवाजा रंगवला. क्रियापद कधी कर्त्याकडे पाहते, कधी कर्माकडे. इंग्रजीत मात्र सर्वांना एकच ‘प्लेड’, एकच ‘पेंटेड’. नकाराचेही तसेच. ‘तो खेळला नाही’ यात आपण क्रियापद भूतकाळातच ठेवतो, म्हणून मूल ‘ही डिड नॉट प्लेड’ असे लिहिते. भूतकाळाचा भार ‘डिड’ने उचलला आहे, आता ‘प्ले’ मोकळे, एवढे सांगितले तर ही चूक सुटते. नुसत्या लाल रेघेने ती सुटत नाही.

उच्चारासाठी तर आपल्या वर्णमालेचाच आधार आहे. क, प यांसारख्या अघोष ध्वनीनंतर या प्रत्ययाचा उच्चार ‘ट’ होतो : वॉक्ट, हेल्प्ट. घोष ध्वनीनंतर ‘ड’ : प्लेड, क्लीन्ड. क्रियापदाच्या शेवटी ट किंवा ड असेल तर ‘इड’ : पेंटिड, नीडिड. 1942 साली नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या संदेशातील एज्युकेट, ॲजिटेट, ऑर्गनाइझ ही तिन्ही क्रियापदे नियमितच आहेत. पहिल्या दोहोंना ‘इड’ लागते, तिसऱ्याला ‘ड’. भिंतीवरची ही तीन क्रियापदे वहीत भूतकाळात आणणे, हा आपल्या शाळेला शोभणारा पहिला धडा ठरेल.

मराठीच्या भूतकाळात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. ‘पाटील आले’ आणि ‘महार आला’. आपल्या आजोबांचा दर्जा गावाने या एका प्रत्ययात ठरवून टाकला होता. इंग्रजीच्या ‘ई-डी’ला ना जात कळते, ना हुद्दा. इंग्रजी आल्याने जात जाते, असा भाबडा दावा मी करणार नाही. इंग्रजी बोलणाऱ्यांनीही ती जपलेली आहे. पण जिथे क्रियापद सर्वांसाठी सारखेच चालते, अशी एक भाषा आपल्या मुलाच्या तोंडी असावी, हे मोलाचे आहेच. सावित्रीबाईंनी 1854च्या ‘काव्यफुले’त इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला, तो उगाच नव्हे.

आपल्या जिल्ह्याला ही संधी उशिरा मिळाली. 1948पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो आणि उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती. फेब्रुवारी 1941मध्ये बाबासाहेब कसबे तडवळ्याच्या परिषदेस आले, तेव्हा त्यांच्यासमोर बसलेल्या बहुसंख्यांना अक्षरओळखही नव्हती. 1950 साली त्यांनी औरंगाबादला महाविद्यालय काढले, तेव्हा कुठे मराठवाड्यातील आपल्या मुलांना पदवीची वाट दिसली. बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेचा इतिहास इंग्रजीत मांडला, म्हणून जगाला तो ऐकावा लागला. ज्याला आपला भूतकाळ सांगता येत नाही, त्याचा भूतकाळ दुसरेच कोणी सांगतात, आणि ते आपल्या सोयीने सांगतात. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला व्याकरणातील हा काळ एवढा महत्त्वाचा वाटतो, तो याचसाठी.

म्हणून एक सूचना. वसतिगृहात रोज संध्याकाळच्या वंदनेनंतर दहा मिनिटे ‘कालचा दिवस’ असावा. प्रत्येक मुलाने नियमित क्रियापदे वापरून तीन वाक्ये बोलावीत. विषय पुस्तकातला नको. ज्यांचे आईवडील उचल घेऊन टोळीबरोबर ऊसतोडीला गेले आहेत, त्यांच्याजवळ वर्क, लोड, कुक, वेट या क्रियापदांची सगळी सामग्री घरचीच आहे. आईने पहाटे स्वयंपाक केला, बापाने गाडी भरली, मुकादमाची वाट पाहिली. ही वाक्ये इंग्रजीत सांगताना मुलाला आपल्या घरची लाज वाटू नये, ही जबाबदारी शिक्षकाची. माजी विद्यार्थ्यांनी देणगीबरोबर महिन्यातून एक संध्याकाळही द्यावी आणि मुलांसमोर बसून ऐकावे. पालकांना इंग्रजी येत नसले तरी त्यांनी सुट्टीत मुलाला विचारावे, ‘आज काय सांगितलेस?’ आणि त्याच्याकडून ते मराठीत ऐकून घ्यावे. एवढे वर्षभर नेटाने झाले, तर पुढच्या वर्षीच्या स्मरणिकेत एखादे पान मुलांनीच इंग्रजीत लिहिलेले असेल.

जय भीम.