अक्षहृदय आणि अखेरचे मेज

महाभारतातील द्यूत शिकवताना आपण अध्यापक मंडळी बहुधा दोन शब्दांपाशी थांबतो : व्यसन आणि दैव. या दोहोंच्या मधली एक गोष्ट निसटून जाते, ती म्हणजे निर्णय. पोकरच्या मोठ्या स्पर्धांचा अखेरचा टप्पा समजून घेतला, तर ही निसटलेली गोष्ट वनपर्वातील नलोपाख्यानात स्वच्छ दिसू लागते, असे आमचे मत आहे.

लास वेगासच्या ‘वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर’च्या मुख्य स्पर्धेत २०२४ साली १०,११२ खेळाडू उतरले. प्रवेशमूल्य १०,००० डॉलर, आणि बाहेर पडल्यावर पुन्हा प्रवेश नाही. अखेरच्या मेजावर उरतात नऊ जण. स्पर्धेतल्या सोंगट्या, म्हणजे चिप्स, वटवून पैसे मिळत नाहीत. बक्षीस ठरते ते कितव्या क्रमांकावर बाहेर पडलात यावरून. शिवाय ब्लाइंड म्हणजे सक्तीचा पण ठरावीक वेळाने वाढत जातो. त्यामुळे नुसते वाट पाहत बसणेही फुकट नसते.

समजा, चार खेळाडू उरले आहेत, सर्वांपाशी सारख्याच चिप्स आहेत आणि बक्षिसे ५०, ३०, २० व शून्य अशी आहेत. प्रत्येकाच्या जागेचे मोल २५. आता दोघांनी सर्वस्व पणाला लावले. हरणारा शून्यावर गेला. जिंकणाऱ्याच्या चिप्स दुप्पट झाल्या. पण त्याच्या जागेचे मोल ५० होत नाही, रूढ हिशेबाने ते सुमारे ३८ होते. उरलेले मोल कुठे गेले? पानाला हातही न लावता बसलेल्या त्या दोघांकडे. त्यांचे मोल प्रत्येकी सुमारे ३१ झाले. म्हणजे अशा वेळी समोरच्याचे आव्हान स्वीकारायचे, तर जिंकण्याची शक्यता निम्म्याहून थोडी अधिक असून भागत नाही. ती ६५ टक्क्यांच्या पुढे लागते. गमावलेली चिप कमावलेल्या चिपेपेक्षा महाग असते, हे या टप्प्याचे पहिले सूत्र.

भिवंडीत हे सूत्र कोणाला समजावून सांगावे लागत नाही. चार यंत्रमाग चालवणाऱ्याचे एक बिल बुडणे आणि चारशे मागवाल्याचे तेवढेच बिल बुडणे यांतला फरक इथल्या विद्यार्थ्याला घरीच कळलेला असतो.

दुसरे सूत्र असे की, आव्हान स्वीकारण्यापेक्षा ते देणे बरे. देणाऱ्याला जिंकण्याचे दोन मार्ग असतात : समोरच्याने पाने टाकावीत, किंवा पाने उघडल्यावर आपली सरस ठरावीत. स्वीकारणाऱ्याला दुसराच मार्ग उरतो. म्हणून ज्याच्यापाशी मोठ्या ब्लाइंडच्या जेमतेम दहापट चिप्स उरल्या आहेत, त्याने त्या थोड्याथोड्या झिजू देऊ नयेत. योग्य जागा पाहून एकदम सर्व लावावे, नाहीतर पाने टाकावीत. तीन पत्तीवाला ज्याला ‘पॅक’ म्हणतो ती कृती इथे भित्रेपणा नसून कौशल्य असते.

या दृष्टीने नलाचे दोन डाव पाहावेत. पहिल्या डावात आव्हान पुष्कराचे आहे. ते नाकारणे नलाला सहन होत नाही, आणि द्यूत अनेक महिने चालते. थोडेथोडे करीत राज्य जाते. सभापर्वातला युधिष्ठिरही असाच केवळ स्वीकारणारा आहे. हाक आली की उतरायचे, हे त्याचे व्रत. त्याला फासे येत नव्हते हे खरेच, पण डाव सोडण्याची मुभाही त्याने स्वतःला दिली नव्हती.

मधल्या काळात ऋतुपर्ण बेहड्याच्या झाडाची पाने आणि फळे अंदाजाने सांगतो, नल ती मोजून पडताळतो आणि अक्षहृदय शिकतो. दुसऱ्या डावात आव्हान नलाचे आहे. वेळ त्याने निवडली आहे, पणही त्याने ठरवला आहे, आणि महिन्यांच्या जागी एकच डाव आहे. पुष्कर आनंदाने स्वीकारतो आणि हरतो. अक्षहृदय म्हणजे केवळ फाशांची गणना नव्हे. केव्हा, किती आणि कोणाच्या हाकेवर खेळायचे याचेही ते ज्ञान असावे, असे या दोन डावांच्या तुलनेतून आम्हाला वाटते. पुढे बृहदश्व ही विद्या युधिष्ठिरालाच देतो, हेही लक्षणीय आहे.

मात्र इथेच थांबलो तर आपण डावपेचांचे भाट ठरू. पहिल्या डावात पुष्कराने डिवचूनही नलाने दमयंती पणाला लावली नव्हती. दुसऱ्यात, ज्ञान मिळाल्यावर, तो तिलाही लावतो. तो जिंकतो म्हणून आपण त्या ओळीवरून पुढे जातो. द्रौपदीने सभेत विचारलेला प्रश्न दमयंतीला विचारावा लागला नाही, एवढाच फरक. डावपेच कितीही सुधारले तरी पणाला काय लावता येते, हा प्रश्न त्यांच्या कक्षेबाहेरचा राहतो. स्पर्धेतल्या पोकरमध्ये त्याचे उत्तर निदान आधी लिहिलेले असते : प्रवेशमूल्य गेले की माणूस उठतो. जिथे रात्रभर पुन्हा पुन्हा पैसे ओतता येतात, तिथे ही मर्यादा नसते.

१८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्याने निव्वळ कौशल्याच्या खेळांना वगळले होते. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांपुरता कौशल्य आणि नशीब हा भेदच बाजूला सारला. कायद्याने वाद मिटवला म्हणून वर्गातली चर्चा मिटू नये. मोबाइलवर खेळून हरलेल्या मुलाला ‘व्यसन वाईट’ हे सुभाषित पाठ असते. त्याला नलाचे दोन्ही डाव शेजारी ठेवून वाचायला द्यावेत. हाक कोणाची होती, पाने टाकता आली असती का, आणि पणाला लावलेले नक्की कोणाचे होते, हे तीन प्रश्न त्याने नलाला विचारले की ते स्वतःलाही विचारले जातील.