दातांना स्वप्न म्हणू नका



मालांगाताना न्ग्वेन्याच्या चित्रांवर पंडितांनी एक चिठ्ठी डकवलीय : अतिवास्तववाद. कॅनव्हासभर चेहऱ्याला चेहरा चिकटलेला, डोळे वटारलेले, दात विचकलेले, नखं बाहेर आलेली. श्वास घ्यायला जागा नाही. पंडित म्हणतात, हे स्वप्नातलं, मनाच्या तळघरातलं.

कसलं डोंबलाचं स्वप्न!

हा माणूस १९३६ साली मोझांबिकमधल्या मातालाना गावात जन्मला. जी पोर्तुगीज सत्ता १९६१ पर्यंत गोव्याच्या मानेवर बसली होती, तीच तिथं १९७५ पर्यंत. बाप दक्षिण आफ्रिकेच्या खाणीत राबायचा. आई लोकांचे दात टोकदार करून द्यायची, तिथं तो शृंगार. पोरगा शहरात आला, टेनिस क्लबात साहेबांचे चेंडू उचलू लागला, रात्री शिकू लागला. १९६१ मध्ये त्याचं पहिलं स्वतंत्र प्रदर्शन. १९६४ मध्ये फ्रेलिमो या मुक्ती-संघटनेचा माणूस म्हणून गुप्त पोलिसांनी उचलला. दीड वर्ष तुरुंग. तिथंही तो चित्रं काढत राहिला.

आता सांगा, चित्रातले दात आले कुठून? आईनं घडवलेले दात त्यानं पाहिले, सरकारचे दात अंगावर घेतले. हे जागेपणी घडलं. स्वप्न म्हटलं की चावणारा सुटतो. त्याच्यावर खटला नाय, त्याचं नावसुद्धा नाय!

त्यांचा दुसरा लाडका शब्द चिवटपणा. काळा माणूस किती सोसतो, तरी कसा उभा राहतो! मी गिरणीत साचा चालवतो. जॉबर मलाही म्हणतो, "काटक हाय गडी." म्हणतो आणि आणखी एक साचा गळ्यात मारतो. असलं कौतुक आपल्याला चांगलं ठाऊक आहे. सोसणाऱ्याची आरती ओवाळायची, म्हणजे सोसायला लावणाऱ्याकडं कुणी बघत नाही.

मालांगाताना २०११ मध्ये पोर्तुगालमध्येच वारला. तोवर जगानं त्याला मान दिला होता. पण मान देणं वेगळं, ऐकणं वेगळं.

आपल्यातलेही काही जण म्हणतात, चित्र घोषणेसारखं सोपं पाहिजे, हे राक्षस कामाचे नाहीत. त्यांना माझं एवढंच म्हणणं : ज्या माणसाच्या घरात, पोटात, झोपेतसुद्धा सत्ता घुसते, त्याचं चित्र सरळ रेषेत कसं येईल? त्याचा राक्षस ओळखायला कपाळावर नाव लागत नाही.

तेव्हा चिठ्ठी फाडा. चित्रासमोर उभे राहा. दात कुणाचे, आणि ते कुणाच्या मांसात रुतलेत, तेवढं बघा.